क्रमांक दोनचा जोड

४ मार्च

ताई,

फोनच करणार होते. पण फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं आणि तिसऱ्या मिनिटाला तुला कुठल्यातरी मजल्यावरून हाक येते. म्हणून पत्र लिहितेय. कागदावर निदान तुला मला मधेच तोडता येणार नाही.

आमच्या ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी एक मुलगी लागली आहे. तिला अजून सगळे 'नवी' म्हणतात, आणि तेही अशा लाडाने की ऐकवत नाही. मी अकरा वर्षं त्या ड्रॉइंगच्या खोलीत रेघा मारतेय, मला कुणी काहीच म्हणत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या कंपनीच्या व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप मशीनला जिथे बसतो, तो जोड बदलायचा आहे. जुना जोड नुसता दाबून बसवायचा. ओढला की निसटतो, आणि तुंबल्यावर काढायला जावं तर निघत नाही. साहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या : ओढून सुटता कामा नये, काढायचा तेव्हा एका हाताने निघावा, आणि सूचनांचा कागद न वाचता कुणालाही कळावा. चार महिने मी ह्यावर बसले होते. माझा जोड पाव फिरकीचा आहे. पाइपच्या टोकाला कडं, कड्याला तीन दात, मशीनच्या तोंडात तीन खाचा. आत घालायचं, पाव वळसा फिरवायचं, टक् वाजतं. आतला रबरी वॉशर दाबला जातो आणि हवा कुठूनही गळत नाही. पंचवीस किलोचं वजन टांगून दोन दिवस ठेवलं होतं, जागचा हलला नाही.

आणि साहेब नवीला म्हणतात, "तूही एक करून बघ." बघ म्हणे! तिने तीन आठवड्यांत केला. वर एक पट्टी, ती दाबली की सुटतो, डब्याच्या झाकणाला असते तशी. एवढंच. आणि सगळी खोली तिच्या टेबलाभोवती गोळा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्या कड्याकडे बघून कुणी मान डोलावली असेल तर शपथ.

आता दोन्ही नमुने कुठेतरी खऱ्या कामाच्या जागी दोन आठवडे वापरून बघायचे आहेत. ज्याचा जोड ठरेल त्याच्या हाती नव्या मशीनचं सगळं काम. मी तुझ्या हॉटेलचं नाव सुचवलं. बारा बायका, चौऱ्याहत्तर खोल्या आणि ते तुझे मैलभर लांब गालिचे. नाही म्हणू नकोस.

तुझी धाकटी


११ मार्च

अगं शहाणे,

अकरा वर्षांत माझ्या हॉटेलची आठवण झाली, धन्य झाले. मॅनेजर हो म्हणाले. फुकट दोन मशीन वापरायला मिळतात म्हटल्यावर ते कशाला नाही म्हणतील.

तुझं टक् आणि तुझे तीन दात वाचले. छान आहे. पण तुम्ही टेबलावर बसणारी माणसं मशीन कशी ओढायची असं समजता? दांडा धरून? इथे कुणी दांड्याला हात लावत नाही. वाकायला लागतं ना. सगळ्या जणी पाइप धरून ओढतात, कुत्र्याला पट्टा धरून न्यावं तशा. पलंगाला वळसा, टेबलाला वळसा, दारातून बाहेर, परत आत. पाइपाला पीळ पडतो, मग तो पीळ उलगडतो. तुझं पाव फिरकीचं कडं त्या पिळाबरोबर आपोआप उलटं फिरलं तर? मी दहावी शिकलेली बाई, मला उगाच एक शंका आली.

आणि दिवसाला कितीदा काढावा लागतो तेही लिहून ठेव. केस, कापूस, केसांच्या पिना, एकदा तर अख्खा मोजा निघाला. एकेक बाई दहा-बारा वेळा काढते. ओल्या हाताने, घाईत, पाहुणा दारात उभा असताना.

त्या नवीवर एवढी का चिडतेस? तुझं सगळं तुला मिळालंच आहे की. आई शेजारणींना "माझी लेक मशीन बनवते" म्हणून सांगायची तेव्हा मी तिच्या शेजारीच बसलेली असायचे. मला तर नवी असायलाही मिळालं नाही. जाऊ दे, पाठव तुझी खेळणी.

ताई


१८ मार्च

ताई,

तुझी शंका उगाच नव्हती. पाइप पिळून बघितला, सोळाव्या वळशाला कडं सुटलं. मी खुर्चीतच बसले. मग चार दिवस राबून कड्याच्या बाजूला स्प्रिंगची एक खुंटी बसवली. आता खुंटी अंगठ्याने वर उचलून धरायची आणि त्याच हाताने कडं फिरवायचं, तरच निघतो. दोनशे वळसे दिले, ढिम्म. जरा जोर लागतो, पण मजबूत म्हणजे मजबूत.

नमुने परवा पोचतील. नावं लिहायची नाहीत, फक्त क्रमांक, आणि कुणाचा कुठला ते वापरणाऱ्यांना कळू द्यायचं नाही असा नियम आहे. क्रमांक दोन माझा. हे तुझ्या-माझ्यात. मी काही तुला खोटं लिहायला सांगत नाहीये. पण बायकांनी क्रमांक दोन नीट समजून घ्यावा, एवढं बघशील ना? नवं दिसलं की माणसं आधी नाक मुरडतात.

आणखी एक. नवी दोन दिवस तिथे बघायला येणार आहे. स्वतःहून साहेबांकडे गेली म्हणे, "मला बायकांचे हात बघायचे आहेत." किती तो आगाऊपणा! मला यायला जमणार नाही, खुंटीची ड्रॉइंग व्हायची आहेत. तू तिच्याशी मोजकंच बोल. गोड बोलून माहिती काढते ती.

तुझी धाकटी


३० मार्च

अगं,

तुझी नवी येऊन गेली. मला वाटलं होतं, उंच टाचांची, कोपऱ्यात उभी राहून वहीत लिहिणारी कुणीतरी असेल. ही तर पहिल्याच दिवशी गालिच्यावर मांडी घालून बसली. दुसऱ्या मजल्यावरच्या सात खोल्या तिने स्वतः झाडून काढल्या, आणि वाईट काढल्या, आम्हाला परत काढाव्या लागल्या. आमच्यातली बुटकी तिला म्हणाली, "बाई, तुम्ही मशीन बनवा, झाडू नका." तर ती स्वतःच सगळ्यात जास्त हसली.

जेवायला आमच्याच खोलीत बसायची. तुझा डबा, माझा डबा, असं करून सगळ्यांचं चाखलं. मला "ताई" म्हणते. मी म्हटलं, मला पर्यवेक्षक म्हटलंस तरी चालेल, तर म्हणे, "ताईच बरं वाटतं." रात्रीची गाडी चुकली म्हणून एक मुक्काम माझ्याकडेच केला. एक रात्र घरात कुणीतरी बोलणारं होतं, मला बरं वाटलं. तुझ्याबद्दलही विचारत होती. म्हणाली, तुमच्या बहिणीची रेघ खोलीत सगळ्यांत स्वच्छ, मी चोरून बघते. हे तुला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगतेय.

दोन्ही जोड चालू आहेत. बायकांना क्रमांक दोनचा टक् आवडतो. नऊ-दहा जणी त्याच्याच बाजूने आहेत. क्रमांक एक पण बरा आहे. अहवाल पुढच्या आठवड्यात.

ताई


३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. साडेतीन पानांच्या पत्रात माझ्या जोडाला तीन ओळी! बाकी सगळं पत्र म्हणजे नवीची आरतीच आहे.

ती तुला ताई म्हणते? कुणी परवानगी दिली? तू दिलीस. तुझ्या घरात राहिली, तुझ्या पलंगावर झोपली असेल, खिडकीकडच्या. मला मुद्दाम सांगतेस ना हे सगळं? मी फारशी येत नाही, म्हणून. मला काम असतं. तिला नसतं, ती हिंडत असते, आणि लोक त्यालाच काम समजतात.

मला कळतंय काय चाललंय ते. क्रमांक एक "पण बरा". तुझ्या पोटात पहिल्यापासून दुखतंय, ताई. मला कॉलेजात घातलं त्या दिवसापासून. तू कधी बोलली नाहीस, नुसती भांडी जोरात आपटायचीस. आता एक संधी मिळाली आहे तुला, आणि नेमकी तिच्या बाजूची. लिही काय लिहायचं ते.

धाकटी


९ एप्रिल

आज अहवाल पाठवला. माझ्या सहीने, मॅनेजरांच्या शिक्क्याने. "क्रमांक दोन सर्व बाराजणींना व पर्यवेक्षकांना सहज जमला. ओढताना एकदाही सुटला नाही. क्रमांक एकपेक्षा सरस."

भांडी मी जोरात आपटायचे हे खरं आहे. दोन्ही खोल्यांत ऐकू जावं म्हणून आपटायचे. तुला तेव्हाच विचारता आलं असतं.

ताई


२२ एप्रिल

ताई,

माझा जोड ठरला! साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. दहा मे रोजी ड्रॉइंग साचेवाल्याकडे जाईल. एकदा त्याने पोलाद कापलं की मग त्यात केसाएवढाही बदल होत नाही, हजारो मशीन त्याच साच्यातून निघतील. त्या प्रत्येकावर माझं कडं असेल. तू अहवाल असा लिहिलास आणि मी तुला काय काय लिहून बसले होते! तोंड दाखवायला जागा नाही. रागावू नकोस. किंवा रागाव, पण पत्र लिही.

पण एक गोष्ट घडली, ती मनातून जात नाही. साहेब अहवाल वाचत होते आणि नवी उभी राहिली. म्हणाली, "हा अहवाल बरोबर नाही. तिघींना क्रमांक दोन निघत नव्हता, त्यांतल्या पर्यवेक्षकांना तर अजिबातच नाही. दोन दिवस मी समोर बसून बघितलं आहे." मला इतका संताप आला! मी म्हटलं, "हरल्यावर माणसाला असंच दिसतं. एवढं जळू नये गं." कुणीतरी हसलं. ती खाली बसली. ते हसू ऐकून मला बरं वाटलं, खरं सांगते. तिचं तोंड पडलेलं बघून सहा महिन्यांचं उट्टं निघालं.

घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. ती खोटं बोलतेय ना, ताई? एका ओळीत लिही, की ती खोटं बोलतेय.

तुझी धाकटी


२७ एप्रिल

अगं,

ती खोटं बोलत नाहीये.

माझं उजवं मनगट दोन वर्षांपासून गेलंय. वळतच नाही. दाराची मूठ डाव्या हाताने उघडते, बाटलीचं झाकण दातांनी. हॉटेलात कुणाला माहीत नाही. म्हणजे बुटकीला माहीत आहे, तीच माझी कामं मागच्या मागे उरकते. तुझं कडंही तिनेच काढलं प्रत्येक वेळी, आणि फॉर्मवर खूण मी केली. बाकीच्या दोघी साठीला टेकलेल्या आहेत. त्यांना अंगठ्याने खुंटी उचलून फिरवणं जमेना, एकीने तर पाय लावून बघितला. मी त्यांना म्हटलं, लिहू नका, माझ्या बहिणीचा आहे.

मॅनेजरांना मनगटाचं कळलं तर मला चादरींच्या खोलीत बसवतील, घड्या मोजायला. चार मजले गेली एकोणीस वर्षं माझ्या पायाखाली आहेत. मला त्या खोलीत बसायचं नाही.

नवीला मी सांगितलं नाही, तिनेच बघितलं. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात. तिने विचारलं, "ताई, हात दुखतो का?" मी नाही म्हटलं. पण रात्री माझ्या घरी बसून तिने तिच्या पट्टीचं चित्र बदललं. बोटांऐवजी तळव्याने, कोपराने, कशानेही दाबली जाईल एवढी रुंद केली. मी बघत होते.

तुला का नाही सांगितलं? तू कधी विचारलंस? फोनवर तुझ्या साहेबांचं, तुझ्या कड्याचं ऐकून घेण्यात वेळ संपतो. आणि खरं सांगायचं तर मला तुझ्यापुढे पडकं दिसायचं नव्हतं. तुझी कीव मला पचली नसती, तिची पचली.

तू लिहिलंस, माझ्या पोटात दुखतं. दुखतं. आई आजारी पडली तेव्हा दोघींपैकी एकीने घरी राहायचं होतं. मी थोरली, म्हणून मी. गणितात मी तुझ्यापुढे होते, हे तुला माहीत आहे आणि तू ते कधी कुणाला सांगितलं नाहीस. तुझ्या पहिल्या ड्रॉइंगचा कागद तू घरी दाखवायला आणलास तेव्हा मी चहा सांडला. तो चुकून सांडला नव्हता. हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतेय.

म्हणूनच अहवाल तसा लिहिला. इतकी वर्षं तुझं सगळं चांगलं माझ्या हाताबाहेर घडलं. म्हटलं, एक तरी गोष्ट अशी असू दे जी मी दिली म्हणून तुला मिळाली. फार मोठं मन वगैरे नाही त्यात. उलट जरा मिजासच आहे.

आता गप्प बस आणि ड्रॉइंग पाठव. नवी मशीन इथे यायला वर्ष लागेल, तोवर बघू. बुटकी आहे.

ताई


६ मे

ताई,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं ही चूक झाली. पुढचा तास मी बाथरूममध्ये होते.

रडत नव्हते, म्हणजे आधी रडत होते. मग मी माझ्या मनगटाला सहा इंची मोजपट्टी रुमालाने करकचून बांधली, वळू नये म्हणून, आणि दोन्ही नमुने घेऊन बसले. नवीने बघू नये म्हणून दाराला कडी घातली होती. माझा जोड मी उघडू शकले नाही. माझा! ज्याचा प्रत्येक दात मी स्वतः आखला आहे. अंगठ्याने खुंटी उचलली की कडं फिरत नाही, कडं धरलं की खुंटी खाली पडते. घाम फुटला. मग तिने परत आल्यावर बनवलेली रुंद पट्टी घेतली. कोपर ठेवला, सुटला. परत लावला, जोराने ओढला, हलला नाही. पाइपाला पीळ दिला, नाही. पुन्हा कोपर, सुटला. वीस वेळा केलं. कुठेतरी फसावा म्हणून मी अगदी मनापासून प्रयत्न करत होते. फसला नाही.

इतका राग आला मला त्या पट्टीचा की ती भिंतीवर फेकून मारली. तरी मोडली नाही.

काल साहेबांकडे गेले. तुझ्या मनगटाचं एक अक्षर सांगितलं नाही, घाबरू नकोस. फक्त खरं तेवढं सांगितलं : क्रमांक दोन माझा आहे हे मी बहिणीला आधीच कळवलं होतं, त्यामुळे ही चाचणी धरता येणार नाही. साहेब बराच वेळ पेन्सिल फिरवत बसले. अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ पहिल्यांदाच बघितलं असेल. चाचणी रद्द झाली. नियम मोडला म्हणून माझा नमुना बाद. साचेवाल्याकडे नवीचं ड्रॉइंग जाईल, दुसऱ्या एका ठिकाणी तपासून झालं की. आणि मी सहा महिने सुट्या भागांच्या याद्या करायच्या. वॉशर, स्क्रू, झाकण, चाक. केल्या म्हणून काही बिघडत नाही.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तू मला जे दिलंस ते मी परत करतेय, आणि त्याचा तुला राग येणार आहे हेही मला माहीत आहे. पण वर्षभराने तुझ्या त्या चार मजल्यांवर माझ्या हातचं मशीन यावं आणि ते तुलाच उघडता येऊ नये, हे मला सहन होणार नाही. कुणी उघडून देईल ना, बुटकी देईल, हे तर अजिबातच सहन होणार नाही.

मग नवीच्या टेबलाशी गेले. सगळे बघत होते. "तू त्या दिवशी खरं बोललीस," एवढंच म्हणायचं मी पाठ करून गेले होते. तेवढं म्हटलं. ती उठून उभी राहिली आणि काय म्हणाली असेल? "ताईंचा हात कसा आहे?" हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं. एवढ्या मोठ्या खोलीत एकीलाच हे विचारायचं सुचलं, आणि ती मी नव्हते. मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

मला अजून तिचा हेवा वाटतो, ताई. मोठेपणा घेऊन लिहिता येत नाही. पट्टीचा नाही, त्या मशीनचाही नाही. माझ्या बहिणीचा हात वळत नाही हे अर्ध्या तासात तिला दिसलं, आणि मी गेल्या दोन सुट्ट्या दिवाणखान्यात तुझ्यासमोर बसले, तू डाव्या हाताने चहा ओतत होतीस, आणि मी तुला कड्याबद्दल सांगत होते.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. साहेबांकडून सुट्टी घेतली आहे, याद्या कुठे पळून जात नाहीत. आल्या आल्या डॉक्टर, आणि त्यावर वाद नको. तुझ्या खोल्याही काढीन, वाईट काढीन, तू परत काढशील. खिडकीकडच्या पलंगावर मी झोपणार.

आणि नीट ऐक. तिला तू दोन दिवस दिलेस. मला तीन पाहिजेत.

तुझी धाकटी